बोलण्याच्या परीक्षेत 'आवडतं दृश्य' आलं तर गोव्यातलं कुठलं सांगाल?

खाजनकाठ
नमस्कार मंडळी. मी डिचोलीची. नर्स आहे, इंग्लंडला नोकरीसाठी जायचं आहे. तिथल्या नोंदणीसाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, ऐकणं आणि बोलणं या तिन्हींत 7 लागतात, लेखनात 6.5 चालतात. गेल्या वेळी बाकी सगळं जमलं, बोलण्यात 6.5 वर अडकले. तीन आठवड्यांनी पुन्हा परीक्षा आहे.

कुठे अडकले ते मला माहीत आहे. दुसऱ्या भागात कार्ड आलं होतं, तुम्हाला आवडणाऱ्या एखाद्या दृश्याबद्दल सांगा. ते कुठे आहे, काय काय दिसतं, कधी पाहिलंत आणि का आवडतं. क्लासमध्ये आमच्याकडून दूधसागरचं उत्तर पाठ करून घेतलं होतं. तयारीला मिळालेलं एक मिनिट मी कागदावर तेच आठवून लिहीत बसले. 'ब्रेथटेकिंग', 'मेस्मरायझिंग' आणि 'पिक्चरेस्क' हे तिन्ही शब्द पहिल्या चार वाक्यांतच खर्च झाले. मग उंची 310 मीटर, नदी मांडवी, कर्नाटकाची हद्द जवळ. पन्नासेक सेकंदांत गप्प झाले. परीक्षक बाईंनी आणखी काही सांगायचंय का विचारलं, मी मान हलवली.

दूधसागर मी एकदाच पाहिलाय, तोही आगगाडीच्या खिडकीतून, दोन बोगद्यांच्या मध्ये मिळाला तेवढा. दोन मिनिटं बोलण्याइतकं माझ्याकडे काही नव्हतंच.

आता तुम्ही सांगा, गोव्यातलं कुठलं दृश्य निवडू? आणि दोन मिनिटं बोलायचं कसं?

आग्वादचा_वारा
आग्वाद घे, डोळे मिटून. किल्ला 1612 चा, जुनं दीपगृह 1864 चं, समोर अरबी समुद्र, डाव्या हाताला मांडवीचं मुख आणि पलीकडे मिरामार. सूर्यास्त टाकला की झालं. नीट पाठ कर. आपण खरंच तिथे गेलो होतो का हे कुणी तपासत नाही. माझा भाऊ असंच करून पास झाला.

पेडण्याचे_सर
आग्वाद वाईट नाही, पण पाठ करण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, निवृत्तीनंतर मुलांची या परीक्षेची तयारी करून घेतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, गुण कशाचे मिळतात? चार गोष्टींचे, आणि चारही सारख्या वजनाच्या. अडखळल्याशिवाय सुसंगत बोलणं, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. दृश्य किती सुंदर आहे याला गुण नाहीत. किल्ला कुठल्या साली बांधला हे चुकलं तरी कुणी गुण कापणार नाही. म्हणजे आग्वादचा_वारा म्हणतात ते खरं आहे, कुणी तपासत नाही. पण पाठ केलेलं बोलणं परीक्षकाला लगेच ओळखू येतं. तिसऱ्या भागात प्रश्न आला की तोच माणूस एकदम वेगळ्या पातळीचं इंग्रजी बोलायला लागतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कार्डावर 'व्ह्यू' म्हटलेलं असतं आणि आपली मुलं 'प्लेस' सांगतात. व्ह्यू म्हणजे एका ठिकाणी उभं राहून जे दिसतं ते. बाय, तू दूधसागरची माहिती सांगितलीस, दृश्य नाही. उंची दिसत नसते. खिडकीच्या गजांतून पांढरं पाणी दिसलं, डब्यातली सगळी माणसं एका बाजूला धावली, मग अंधार झाला आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, हे दृश्य. हेच सांगितलं असतंस तरी मिनिटभर सहज बोलली असतीस.

म्हणून माझ्या मुलांना मी एकच विचारतो, 'तू उभा कुठे आहेस?' पाय कुठे टेकलेत ते ठरलं की बाकीचं आपोआप येतं. पायाशी काय, मध्ये काय, लांबवर काय, डावीकडे काय. 'इन द फोरग्राउंड', 'बियाँड दॅट', 'इन द डिस्टन्स', 'अॅक्रॉस द रिव्हर', 'टु माय लेफ्ट'. हे साधे शब्द नजर फिरवतात आणि सुसंगतीचे गुणही देतात. 'ब्रेथटेकिंग' शब्द एकदा वापरला तर चालेल. तीनदा वापरला की तो काही सांगत नाही.

आता सांग, तू वारंवार कुठे उभी राहतेस?

खाजनकाठ
सर, खूप खूप आभार. 'उभी कुठे आहेस' हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

खरं सांगायचं तर एक जागा आहे. माझं आजोळ चोडणला. आजीच्या घरामागून पाच मिनिटांवर खाजनाचा, म्हणजे नदीकडून मिळवलेल्या सखल जमिनीचा, बांध आहे. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत रोज संध्याकाळी तिथे जायचे. बांधाच्या एका बाजूला शेतं, दुसऱ्या बाजूला तिवरं आणि मांडवी. पलीकडे रायबंदरची घरं. पण तिथे पाहण्यासारखं असं काही नाही. पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. परीक्षेत 'चिखल आणि बांध' सांगायचा का?

बेतीची_फेरी
सांगायचाच बाय! मला वाचूनच आनंद झाला.

माझं सांगते. 1986 सालच्या 5 जुलैला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला तेव्हा मी पणजीला नोकरीला होते आणि घर पर्वरीला. त्यानंतर बेतीहून फेरीने ये-जा. पावसाळ्यात संध्याकाळी फेरीच्या कठड्याला धरून उभी राहायचे. पाणी तांबड्या मातीच्या रंगाचं, त्यातून माडाची चुडतं वाहत यायची, कधी अख्खं झाड. पणजीचे दिवे पावसात पुसल्यासारखे दिसायचे. आणि धक्का आला की ती लोखंडी फळी साखळ्यांवर धाडकन खाली पडायची, तेव्हा सगळे एकदम पुढे सरकायचे. दमलेली असायचे, घरी मुलं वाट बघत असायची, तरी ती पाच-दहा मिनिटं माझी होती. आता 2019 पासून वरून अटल सेतू जातो, गाडीत बसून दोन मिनिटांत पार. माझी सून म्हणते पुलावरून काय सुंदर दिसतं. दिसतं ना. पण मला अजून खालून बघितलेलंच आठवतं.

मी कुठलीही परीक्षा दिलेली नाही. पण कुणी मला याबद्दल बोल म्हणालं तर माझी दोन मिनिटं कधी संपतील कळणारही नाही.

पेडण्याचे_सर
ताई, तुमचं हे उत्तर मी वर्गात वाचून दाखवणार आहे. साखळ्यांवर पडणारी फळी! दृश्य सांगताना आवाजही सांगावा, हे मुलांच्या डोक्यात येतच नाही.

खाजनकाठ, तुला एक सावधगिरीची गोष्ट सांगतो, मराठी माणसांची नेहमीची चूक आहे. तू लिहिलंस 'रोज संध्याकाळी जायचे'. हे इंग्रजीत बोलताना आपल्या तोंडून निघतं 'आय वॉज गोइंग देअर एव्हरी इव्हनिंग'. आपल्याला ते बरोबर वाटतं, कारण 'जायचे' मध्ये चालू असल्याचा भास आहे. तिथे हवं 'आय युज्ड टु गो', आणि एकदा ते म्हटलं की पुढे 'वुड': 'माय ग्रँडमदर वुड कॉल अस'. उत्तराची सुरुवात अशी केलीस की व्याकरणाचा आवाका पहिल्या अर्ध्या मिनिटात दिसतो.

वास्कोची_सून
मीही नर्स, दोन वर्षांपूर्वी परीक्षा दिली. माझा अनुभव उच्चारांचा आहे. आपला 'व' एकच आणि इंग्रजीत दोन. 'व्ह्यू', 'व्हिलेज', 'रिव्हर', 'व्हॅली' मध्ये वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत. 'वॉटर', 'वेस्ट', 'वॉक' मध्ये दात अजिबात नाहीत, ओठ गोल. 'वेव्ह' शब्दात सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरा. निसर्गदृश्याच्या उत्तरात हे शब्द दर वाक्याला येतात, म्हणून याच विषयाला जास्त सराव हवा. मी आरशासमोर 'रिव्हर, वॉटर, व्ह्यू, वेस्ट' असं म्हणायचे. आपला मराठी सूर असला म्हणून गुण जात नाहीत, ऐकणाऱ्याला शब्द कळला पाहिजे एवढंच.

आणखी एक, 'सीनरीज' म्हणू नका! 'सीनरी'चं अनेकवचन होत नाही. आपण 'सीनरी काढली', 'दोन सीनऱ्या लावल्या' असं लहानपणापासून म्हणतो म्हणून जीभ तिकडे घसरते. वेगवेगळी दृश्यं म्हणायची असतील तर 'व्ह्यूज'.

आग्वादचा_वारा
मान्य, पण एक शंका आहे. खाजन, मानस (बांधातली पाण्याची दारं), तिवर हे इंग्रजीत सांगणार कसं? परीक्षक कुठल्या देशाचाही असू शकतो. आग्वाद, समुद्र, सूर्यास्त यांना शब्द शोधावे लागत नाहीत. तयारीला एकच मिनिट आहे, शब्द अडला की अडखळणं आलंच.

पेडण्याचे_सर
शंका रास्त आहे. पण आपला शब्द तसाच ठेवून लगेच सोप्या इंग्रजीत उलगडून सांगणं हे कौशल्यच आहे. अडलेल्या शब्दाला वळसा घालून अर्थ पोचवता येतो का हेही शब्दसंपत्तीत पाहतात. 'वी कॉल इट खाजन. इट्स लो-लाइंग लँड दॅट पीपल टुक बॅक फ्रॉम द रिव्हर.' पुरे झालं. बांधाला 'एम्बँकमेंट', मानशीला 'स्लूस गेट', तिवरांना 'मँग्रोव्हज'. चार शब्द. सूर्यास्ताच्या उत्तरात एकही शब्द शिकावा लागत नाही, म्हणूनच ते उत्तर सहाच्या आसपास राहतं, असं मला माझ्या मुलांकडे बघून वाटतं.

मानस कशी चालते हे मात्र आईला विचारून घे. ते कळलं की बोलायला क्रियापदं मिळतात. नुसती विशेषणं घेऊन दोन मिनिटं जात नाहीत.

लाल_माती
मी इथे फारसा लिहीत नाही. माझा गाव खाणपट्ट्यातला, सत्तरीच्या अलीकडे. घराच्या पडवीतून समोर डोंगर दिसायचा, उन्हाळ्यात काजूच्या बोंडूंचा वास यायचा. मी दहावीत असेपर्यंत त्या डोंगराचा माथा होता. मग दरवर्षी थोडा थोडा कमी होत गेला. 2012 ला खाणी बंद झाल्या तेव्हा तिथे खड्डा होता, आता त्यात पाणी आहे, निळं-हिरवं, तळ दिसत नाही. बाहेरून आलेले लोक फोटो काढतात, म्हणतात किती छान तळं आहे.

माझा प्रश्न खाजनकाठ यांच्यासारखाच आहे, मीही पुढच्या महिन्यात परीक्षा देतोय. जे दृश्य आता नाही ते सांगितलं तर चालेल का? मला आवडतं ते तेच आहे. दुसरं काही सुचत नाही.

बेतीची_फेरी
लाल_माती, सांग रे बाबा. तूच नाही सांगितलंस तर कोण सांगणार?

पेडण्याचे_सर
चालतं. कार्डावर 'आता जिथे आहे' असं काही म्हटलेलं नसेल तर जरूर चालतं. फक्त कार्ड नीट वाच, 'यू ऑफन सी' असं असेल तर तेवढा बदल करून बोल. भाषेच्या दृष्टीने तर तुझ्याकडे मोठी ठेव आहे. 'देअर युज्ड टु बी अ हिल', 'इट हॅज बीन डग अप', 'बाय द टाइम आय लेफ्ट स्कूल, हाफ ऑफ इट हॅड गॉन'. कितीतरी मुलांना हे काळ वापरायला निमित्तच मिळत नाही.

आणि तिसरा भाग विसरू नकोस. दुसऱ्या भागात जे कार्ड येतं त्याच विषयाला धरून तिथे चार-पाच मिनिटं चर्चा होते. शहरात राहणाऱ्यांना निसर्गाची ओढ का असते, पर्यटनामुळे सुंदर जागांचं काय होतं, अशा धाटणीचे प्रश्न. तिथे तुझ्याकडे सांगण्यासारखं आहे. बोलताना गळा दाटला तर एक क्षण थांब. थांबण्याने गुण जात नाहीत. शब्द शोधत अडखळणं वेगळं आणि श्वास घेणं वेगळं.

वास्कोची_सून
सरांच्या म्हणण्यात भर. वेळेची भीती नको. दोन मिनिटं झाली की परीक्षकच थांबवतात, वाक्य अर्धवट राहिलं तरी नुकसान नाही. माझं मध्येच तोडलं होतं, मी घरी येऊन रडले, निकाल आला तर 7.5. लवकर संपण्याची काळजी करा, थांबवलं जाण्याची नको.

आणि कागदावर वाक्यं लिहू नका. मी पाच शब्द लिहिले होते, एकाखाली एक: कठडा, होड्या, वास, बाबा, का. मराठीत लिहिले तरी काही बिघडत नाही, तो कागद तुमच्यासाठी असतो.

खाजनकाठ
मंडळी, काल रविवार होता. आईला घेऊन मयेमार्गे चोडणला गेले. संध्याकाळी साडेपाचला दोघी बांधावर. तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी आईकडून मानस समजून घेतली. चिऱ्यांच्या भिंतीत लाकडी दारं असतात, ती माणसाने उघडायची नसतात. भरतीला नदीचं पाणी चढतं आणि बाहेरून दारांवर रेटा देतं, दारं घट्ट मिटतात, खारं पाणी शेतात शिरत नाही. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, नदी उतरते, मग आतलं पाणी दारं ढकलून बाहेर पडतं. एवढंच. मी लहानपणापासून तिथे बसले आणि मला वाटायचं कुणीतरी येऊन उघडत असेल. आई म्हणाली, त्याच वेळी तिथे जाळं लावतात, रात्रीच्या सुकतीला कोळंबी मिळते, म्हणून मानशीची दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव, होते. आजोबा आतल्या शेतात कोरगूट लावायचे, थोडं खारं पाणी सोसणारं भात. हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मग आईला बांधावर बसवलं आणि फोनवर दोन मिनिटं लावून बोलायला लागले. पायाशी मानस. भिंतीवर ओलीची रेघ, कालच्या भरतीची, तिच्यावर कालवांची टरफलं चिकटलेली. तिवरांच्या मुळ्या चिखलातून पेन्सिलींसारख्या वर आलेल्या. एक खंड्या काठीवर बसला होता, त्याच्याकडे बोट दाखवून मी 'किंगफिशर' म्हटलं आणि तो उडाला. मध्ये नदी, तिच्यात रायबंदरहून येणारी फेरी. पलीकडची घरं पांढरी-पिवळी, उन्हात एकेका खिडकीची काच चमकत होती. लांब पश्चिमेला पणजी आणि पुलाच्या तारा. हे सगळं मला सांगता आलं! 'का आवडतं' वर आल्यावर मी म्हटलं की आजी वारल्यानंतर घर बंद असतं, पण बांधावर बसलं की ती मागून हाक मारेल असं अजून वाटतं. हे मी ठरवलं नव्हतं. आईला इंग्रजी फारसं कळत नाही, तरी 'ग्रँडमदर' ऐकून तिने माझा हात धरला.

फोन वाजला तेव्हा मी फेरीबद्दलचं वाक्य बोलतच होते. आणि तेवढ्यात पाणी फिरलं. दारं आधी नुसती थरथरली, मग उजवीकडचं जरासं उघडलं आणि फटीतून पाण्याची जाड पट्टी नदीत पडायला लागली. मी पुन्हा घड्याळ लावलं आणि फक्त त्यावरच बोलले, 'द वॉटर वॉज पुशिंग द गेट फ्रॉम द इनसाइड'. पुन्हा दोन मिनिटं झाली.

आवाज मुद्रित केला आहे. सर, तुम्हाला पाठवते, चुका सांगा.

लाल_माती
वाचलं. मी आज सकाळी पडवीत बसून प्रयत्न केला. एक मिनिट चाळीस सेकंद झाले. बोंडूंच्या वासाला इंग्रजीत काय म्हणतात?

पेडण्याचे_सर
'कॅश्यू अॅपल' म्हण, आणि वास कसा ते तुझ्या शब्दांत सांग. गोड आणि आंबूस एकत्र, 'स्वीट अँड स्लाइटली सावर'. मग म्हण की गावात त्या दिवसांत तो वास कपड्यांनाही लागायचा. एक मिनिट चाळीस चांगलं आहे, वीस सेकंद त्या वासात मिळतील.

खाजनकाठ, दोन्ही ऐकली. दुसरी मला जास्त आवडली. काळ सगळे बरोबर आहेत, 'युज्ड टु' सहज आलंय. 'रिव्हर'चा व्ह अजून एकदोनदा ओठांनीच होतोय, आरशासमोर बस. आणि पहिल्या मिनिटाच्या शेवटी 'ब्युटिफुल सीनरीज' निसटलंय, तेवढं काढ.

खाजनकाठ
काढलं सर. तिथे आता खंड्या घातलाय.